व्याह्यांच्या पोटातली लक्ष्मी

मुक्काम भरे, तालुका मुळशी
बुधवार, सकाळचं दूध गाडीत चढवल्यावर
मे १९८३

सोमनाथ दाजी,

भऱ्याहून तुमचा धाकटा मेहुणा ज्ञानदेव तुम्हाला वाकून नमस्कार करतो. (कमरेत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे. उरलेला नमस्कार समक्ष भेटीत पुरा करीन.) केशरअक्काच्या पाया पडतो. तिच्या गुडघ्यांना आता आराम असेल अशी आशा आहे. तुमचा खोकला गेला का? मागच्या खेपेला मी धाडलेला अडुळशाचा काढा तुम्ही कुंडीत ओतलात आणि कुंडीतली तुळस वाळली, असं अक्काने कळवलं. त्याचा मला राग नाही. तुळस तशीही म्हातारीच झाली होती. जकात नाक्यावरची तुमची रात्रपाळी सुटली असेल तर चांगलंच, आणि सुटली नसेल तर रात्री कानाला मफलर बांधत जा, मग मे महिना का असेना.

इकडे सगळं क्षेम आहे. करड्या म्हशीला पारडी झाली, विहिरीला अजून गुडघाभर पाणी आहे, चंद्रकलेची दाढ एकदाची उपटून झाली, आणि आमचे होणारे व्याही कुशाबा यांच्या पोटात सोन्याचं नाणं आहे.

ही शेवटची बातमी मी मुद्दाम शेवटी घातली. पत्राच्या पहिल्याच ओळीत असं काही वाचलं की माणूस घाबरतो, आणि तुम्हाला तर तार आली की ती न वाचताच रडायची सवय आहे. तर आता सावकाश बसा, अक्काला चहा टाकायला सांगा, आणि पहिल्यापासून ऐका.

आमच्या रत्नाचं मुठा गावच्या कुशाबांच्या वाल्मीकशी जमलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा पिरंगुटच्या कंपनीत लागला आहे, निर्व्यसनी आहे आणि बोलतो कमी. (रत्ना दोघांचं मिळून बोलेल, त्याची काळजी नाही.) त्याला कंपनीत चिकटवला त्याच्या मामाने, म्हणजे नथूमामांनी. हे मामा तिथे माल तपासायला असतात. दिवसभर खोट काढायचा पगार मिळतो, त्यामुळे घरी आल्यावरही त्यांचा हात थांबत नाही. याद्या करायच्या बैठकीत त्यांनी आमच्या चहात वेलदोडा कमी काढला, सतरंजीला भोक काढलं आणि गावाला यायच्या रस्त्याची तर लाजच काढली. कुशाबा मात्र भला माणूस. मोठं शरीर, मोठा फेटा, मोठा आवाज आणि बोलणं मोजकं. देण्याघेण्याचं काहीच मागणं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कुशाबा म्हणाले, "आमी सुनंला मनगटी घड्याळ घालनार हाय." बैठकीत सगळे वा वा म्हणाले आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. दाजी, माझी जीभ तुम्ही ओळखता. गप्प बसावं एवढंच काम होतं, पण मी म्हणालो, "आम्ही जावयाला सोन्याचं नाणं घालू." कुणी मागितलं नव्हतं. चंद्रकलेने आतून पातेलं आपटलं, तोवर शब्द ओटा उतरून गेला होता.

आता नाणं आणायचं कुठून? पुण्याला येऊन सराफाकडे जायचं तर किंमत ऐकूनच मी परत फिरलो असतो. पण योग बघा. पौडच्या येश्टी स्टँडवर मी भजी खाल्ली आणि भज्यांच्या कागदावर जाहिरात निघाली. लक्ष्मीछाप सुवर्णनाणे, घरबसल्या, व्ही.पी.ने, जावयास, सुनेस व इष्टमित्रांस भेट देण्यास उत्तम. खाली उत्तरेतल्या कुठल्याशा शहरातल्या कंपनीचा पत्ता. मधली एक ओळ तेलात बुडाली होती, तिच्यात "अस्सल सोन्या" एवढंच दिसत होतं आणि पुढे भज्याचा डाग. (मी म्हटलं, पुढे "चे" असणार. सोन्या या शब्दापुढे दुसरं काय येतं?) भाव इतका वाजवी होता, की कंपनीला धंद्यापेक्षा लोकांच्या लेकीबाळींची काळजी जास्त आहे, असं मला वाटलं. सोन्याचा सरकारी कायदा आड येईल का, म्हणून तलाठी भाऊसाहेबांना गोल गोल विचारलं. ते म्हणाले, कांडी ठेवायला बंदी, पण नाणी दोनचार चालतात. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं.

मग भिकू पोस्टमनची वाट बघणं सुरू झालं. भिकूच्या सायकलची घंटी मोडलेली आहे, म्हणून तो तोंडाने ट्रिंग ट्रिंग करतो. गावातली पोरंही तसंच करतात, त्यामुळे मी रोज पंधरावीस वेळा ओट्यावर धावत होतो. शेवटी खरा भिकू आला. पार्सल पिशवीत घट्ट धरून म्हणाला, "आधी पैसं, मग दर्शन." मी म्हणालो, जरा उघडून बघतो. तो म्हणाला, "व्ही.पी. हाय सरपंच." (मी सरपंच नाही, सहकारी दूध संस्थेचा सचिव आहे, पण पैसे घ्यायचे असले की तो मला सरपंच म्हणतो.) पैसे मोजले. आत लाल डबी, डबीवर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव, डबीत मखमल आणि मखमलीवर लक्ष्मी. काय तेज वर्णावं, दाजी! उन्हात धरलं तर म्हैस बुजली.

तरी खात्री केलेली बरी, म्हणून मी संस्थेत नेऊन लॅक्टोमीटरच्या नळ्यात नाणं सोडलं. दुधातलं पाणी सांगणारं यंत्र सोन्यातलं काहीतरी सांगेलच ना. पण नळा फुटला, लॅक्टोमीटरही फुटला. नाण्याला ओरखडा नाही, म्हणजे माल पक्का. (तेव्हापासून गावात दुधाबद्दल एकही तक्रार नाही. सगळे म्हणतात, ज्ञानदेव सचिव झाल्यापासून दूध सुधारलं.)

सुपारी फोडायचा दिवस उजाडला. ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली. बायका दारात. मी ताटात तांदूळ पसरून त्यावर लाल डबी ठेवली आणि उघडून सगळ्यांना दाखवली. नथूमामांनी खिशातून भिंग काढलं. हो, भिंग! कंपनीतलं. सुपारीला भिंग घेऊन आलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. "बगू," म्हणून त्यांनी हात पुढे केला. पण त्यांच्या आधी कुशाबांनी नाणं उचललं. डबीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "आमच्यात सोनं दातानं वळखत्यात. भिंगानं ढेकणं बगत्यात." नाणं दाताखाली धरलं. पुढे काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यांना एक उचकी आली, डोळे पांढरे झाले, गळ्याची घाटी खाली गेली आणि वर आली, आणि तोंड उघडून दाखवतात तर आत दात, जीभ आणि तंबाखू. नाणं नाही.

एकच गिल्ला झाला. कुणी पाठीत बुक्क्या घातल्या, कुणी पाणी पाजलं, कुणी म्हणालं पाणी पाजू नका. नथूमामा म्हणाले उलटं धरा. चौघांनी मिळून धरलं, पण कुशाबांचं वजन असं, की पाय तेवढे वर आले, बाकी माणूस सतरंजीवरच राहिला. फेटा सुटला. त्या फेट्यात भिकूचा पाय अडकला आणि भिकू ताटात बसला. आमच्या ओट्यावर एवढी माणसं एका वेळी पडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

सगळे पुन्हा बसल्यावर खरा वाद उठला. नाणं पोचलं की नाही? मी म्हणालो, पोचलं. ताटातून उचललं, तुमच्या घरातल्या थोरल्या माणसाने उचललं, आता ते तुमच्याच घराण्यात आहे. नथूमामा म्हणाले, "जावयाला घालनार म्हनला हुतासा. जावयाच्या बापात घालनार म्हनला न्हवता." मी म्हणालो, गिळायला मी सांगितलं का? ते म्हणाले, एवढं बारकं आणायला कुणी सांगितलं? मोठं असतं तर गिळलं गेलं असतं का? मामा उठून चपला शोधू लागले. नाणं हातात पडेस्तोवर लग्न नाही, म्हणाले. आत रत्नाचा हुंदका ऐकू आला. वाल्मीक भिंतीला टेकून उभा होता, त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामा, बसा," म्हणाला. मामा बसले. (पोरगा कमी बोलतो, पण जागेवर बोलतो.)

शेवटी चार म्हाताऱ्यांनी निवाडा दिला. नाणं पोटात आहे, पोट कुशाबांत आहे आणि कुशाबा भऱ्यात आहेत. सबब नाणं अजून भऱ्यातच आहे. ते बाहेर येईपर्यंत कुशाबांनी इथेच राहायचं. आलं की धुऊन, पुसून, दोन्हीकडच्या साक्षीने वाल्मीकच्या हातात द्यायचं आणि मग लग्नाची तारीख. असा निवाडा हायकोर्टातही झाला नसेल.

तेव्हापासून व्याही आमच्याकडे आहेत. चंद्रकला त्यांना सकाळ-संध्याकाळ एरंडेल देते, वर केळी, वर भोपळ्याची भाजी, वर गरम पाण्यात तूप. माणूस हूं की चूं करत नाही. दिवसभर मात्र झोपतात, का ते कळत नाही. पहाटे डबा घेऊन ओढ्याकडे निघतात, मागे आमच्याकडून भिकू, त्यांच्याकडून नथूमामांनी नेमलेला एक पुतण्या आणि त्यांच्या मागे चार कुत्री. परत येताना वाटेतल्या ओट्यांवरून लोक विचारतात, "लागला का निक्काल?" भिकू हात हलवतो, नाही. दूध घालायला येणारे दुधाआधी हेच विचारतात. परवा एक माणूस घोटवड्याहून पाव्हण्याला सोबत घेऊन मुद्दाम बघायला आला आणि कुशाबांच्या पोटाला हात लावून पाया पडला. म्हणे, लक्ष्मी आहे आत.

या सगळ्यात खूश दोघंच. वाल्मीक रोज कंपनी सुटली की बापाची तब्येत विचारायला सायकलवर येतो. बापाला दारातूनच "बरं हाय न्हवं?" एवढं विचारतो आणि तासभर हापशावर पाणी मारतो. रत्नाला एवढ्या घागरी कशाला लागतात, ते मी विचारत नाही.

पण आता नथूमामांनी नवीनच काढलं आहे. त्यांच्या कंपनीतल्या कुणाच्या पोराने छर्रा गिळला होता, पुण्याच्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढला, त्यात छर्रा लख्ख दिसला. येत्या सोमवारी कुशाबांना पुण्याला नेऊन फोटो काढायचा, असं मामांनी ठरवून टाकलं आहे. कंपनीतून सुट्टीही मंजूर करून घेतली. फोटोत सोनं वेगळं दिसतं आणि पितळ वेगळं दिसतं, असंही ते सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

तर असं आहे. काळजीचं काही कारण नाही. नाणं अस्सल आहे, व्याही ठणठणीत आहेत आणि लग्न होणारच. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत आणि शेजारच्या काकांना माझा रामराम. (त्यांची छत्री माझ्याकडेच आहे, पण त्यांना सांगू नका.)

तुमचाच,
ज्ञानदेव

ता. क. वरचं पत्र चंद्रकलेला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, ती माहेरच्या किंवा सासरच्या कुठल्याच पत्राला ऐकल्याशिवाय जाऊ देत नाही. आता ती गोठ्यात गेली आहे, तेव्हा खरं लिहितो. दाजी, नाणं पितळेचं आहे. सुपारीच्या आदल्या दिवशी अजून चकचकावं म्हणून मी ते चुलीच्या राखेने घासलं, तर लक्ष्मीच्या नाकावरचं सोनं माझ्या अंगठ्याला लागलं. मग सगळा उलगडा झाला. तेलाच्या डागाखाली "चे" नव्हतं, "सारखे" होतं. अस्सल सोन्यासारखे! कंपनी बिचारी खोटं बोललीच नव्हती. नाक मखमलीत दडेल आणि पाय तेवढे वर दिसतील, असं नाणं खोचून मी डबी उघडली. भिंग निघाल्यावर मी मनातल्या मनात गाव सोडलंसुद्धा होतं. म्हणून कुशाबांनी नाणं गिळलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो रत्ना झाली तेव्हाही झाला नव्हता. पण निवाडा ऐकला आणि धाबं दणाणलं. ते बाहेर आलं तर हिरवं होऊन येणार! तेव्हापासून चंद्रकला एरंडेल देते आणि मी गुपचूप दुधातून जायफळ उगाळून देतो, पोट बांधून राहावं म्हणून. व्याही झोपतात ते त्यामुळे.

ता. क. दुसरा. हे कालचं आहे आणि कुणालाही, अगदी अक्कालाही, सांगायचं नाही. काल पहाटे भिकू पाय मुरगळून बसला, म्हणून साक्षीला मी गेलो. ओढ्यावर कुशाबांनी आपली चप्पल तिथे राहिली असं सांगून पुतण्याला वरच्या बांधाला पिटाळलं. तो गेल्यावर कमरेची चंची सोडली आणि पानतंबाखूतून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते उलटंपालटं करून बघितलं, लक्ष्मीच्या नाकावर सोनं नव्हतं. म्हणालो, गिळलं नव्हतंत? ते म्हणाले, "पाव्हणं, नाणं काय गिळायची वस्तू हाय? ती लाल डबी बगितली आन् म्या वळखलं. माज्या सुनंचं घड्याळ त्याच कंपनीचं हाय. आत काटं छापल्यालं हायती. नथूनं तुमचं भिंगातनं बगितलं आसतं तर उद्या माजं बी बगितलं आसतं. आन् पोरगं तर तुमच्या पोरीबिगर जेवायचं बंद झालं आसतं." दाजी, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. या माणसाने माझ्या अब्रूसाठी आठवडाभर एरंडेल प्यायलं! मी पाय धरायला गेलो, पण उसण आडवी आली. ते म्हणाले, "पाय ऱ्हाऊ द्या. येवढं सांगा, त्या दुदात काय घालता वो तुमी? सकाळी उठवंना झालंय."

आता खरं काम. सोमवारी फोटो निघाला तर पोट रिकामं दिसेल आणि दोन्ही घरांची अब्रू एका काचेवर येईल. म्हणून तुम्ही एक करा. पुण्यात सराफाकडून लक्ष्मीचं एक खरंखुरं नाणं घ्या. जुन्या चार आण्याएवढं हवं. शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने अक्काला घेऊन भऱ्याला या, व्याह्यांच्या तब्येतीला आलो म्हणा. रविवारी पहाटे ओढ्यावर निकाल लागेल. नाणं अगदी कोरं असलं तरी चालेल, त्याचा प्रवास झाला आहे असं आम्ही इथे करू. पैशाचं आपण समोरासमोर बोलू. अक्कासमोर नको.

पाकीट चिकटवायला गोंद संपला आहे, चंद्रकलेकडून भाताची शितं मागतो आणि भिकूच्या हाती देतो.

ज्ञा.

ता. क. दाजी, मी चंद्रकला. पाया पडते. शितानं चिकटवल्यालं पाकीट उगडायला येळ लागत न्हाई. ह्यांचं अक्षर घान हाय, पर मला लागतं. नाणं पितळंचं हाय ते मला पैल्या दिशीच ठावं झालं, ह्यांचा आंगठा पिवळा कशानं झाला ते इचारायची गरज न्हवती. आन् सुपारीला समदी बापई त्या मानसाच्या नरड्याकडं बगत हुती, मी हाताकडं बगत हुते. चंचीत घातल्यालं मला दारातनं दिसलं. येरंडेल तरी का पाजलं म्हनाल, तर बैठकीच्या दिशी त्यानं माज्या पिठल्यात मीठ लई हाय आसं चारचौघांत म्हनलं हुतं. आता फिटलं. उद्यापासनं साधं जेवान देते.

नाणं आना. पर येक न्हाई, दोन आना. येक जावयाला आन् येक मला. न्हाईतर सोमवारी नथूमामांच्या आधी मीच येश्टीचं तिकीट काढून व्याह्यांना फोटूला घिऊन येते.